धारवाड की बेळगाव? हेरॉइन सोडवायच्या गोळीसाठी कुठं जावं

भावाचं हेरॉइन सोडवायचंय, धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, न्यावं की बेळगावात खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे, असं खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. औषध दोन्हीकडे बहुधा तेच, ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. गिळली की जवळजवळ वाया. पहिली गोळी हेरॉइन थांबवल्यावर जांभया, नाक गळणं, अंगदुखी सुरू झाली की मगच, नाहीतर त्रास उलट भडकतो. ‘महिन्यात कायमची मुक्ती’वाल्या फलकांकडे बघूच नका.

खर्चाचं म्हणाल तर सरकारीत नाममात्र. बीपीएल कार्ड जवळ ठेवा. खासगीत फी आणि गोळ्या महिनोन्महिने खिशातून. विम्यावर विसंबू नका, व्यसनाचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात.

धारवाडला लोंढ्यावरून रेल्वे आहे, पण दिवस मोडतो, रोजगार बुडतो. बेळगावात मराठीत मोकळं बोलता येतं. ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती मात्र असतेच.

हात तंग असेल, किंवा सोबत दारू, झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तर धारवाडच. तिथं भरतीबद्दल विचारा. नोकरी टिकवायचीय आणि खर्च झेपतोय, तर बेळगाव, पण ही गोळी देतात का ते आधी फोनवर विचारून घ्या. रात्री-अपरात्री अडलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.