हलकी इलेक्ट्रिक सायकल: आधी वजन, मग पल्ला
शहरात रोज कामावर जाण्यासाठी इलेक्ट्रिक सायकल निवडताना बहुतेक जण आधी बॅटरीचा पल्ला विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा असावा, कारण नेहमीची इलेक्ट्रिक सायकल साधारण २२ ते २७ किलोची असते आणि ती जिन्यावरून उचलून नेताना लांब पल्ल्याचे कौतुक पहिल्या मजल्यावरच संपते. माझी सायकल १६ किलोची आहे. तिची बॅटरी ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे २५० वॅट-तासांची असून किलोमीटरला ८ ते १० वॅट-तास खर्च धरल्यास २५ ते ३० किलोमीटर अंतर कापता येते. तिच्यातला टॉर्क सेन्सर पेडलवरचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो. केवळ पेडल फिरते आहे एवढेच ओळखणारा कॅडेन्स सेन्सर मात्र सिग्नलपाशी उशिरा जागा होतो आणि मग एकदम ढकलतो, जे गर्दीत धोक्याचे वाटते. चढावर हबमधली, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली, छोटी मोटर दमते. बॅटरी फ्रेममध्येच बंद असल्याने चार्जिंगसाठी अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागते, ही खरी गैरसोय आहे; बॅटरी काढता आली असती, तर किलोभर जास्त वजनही मी चालवून घेतले असते.