‘लाइफटाइम विंडोज ११’ म्हणून ३,५०० रुपये उकळले

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकून देणाऱ्यांचं पेव फुटलं. माझा डेस्कटॉप चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह. त्यावर काम काय, तर टॅली आणि जीएसटी रिटर्न. दुकानदाराने मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, एकदम ओके आहे. एसएसडी बसवू आणि ओरिजिनल विंडोज ११ टाकून देतो, लाइफटाइम." एसएसडीचे, म्हणजे नव्या वेगवान डिस्कचे, पैसे वेगळे, विंडोजचे ३,५००.

मशीन पळायला लागलं, खोटं कशाला बोलू. पण तो वेग एसएसडीचा होता.

काही महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटलं. दुकानदार फोनवर म्हणतो, "घेऊन या, रिन्यू करून देतो." लाइफटाइमचं रिन्यूअल! शेवटी भाच्याने कमांड प्रॉम्प्ट उघडून तपासलं, तर लायसन्सच्या जागी ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’. हे ॲक्टिव्हेशन कंपन्यांच्या अंतर्गत सर्व्हरसाठी असतं, एका वेळी १८० दिवस टिकतं. आमच्या घरी कुठला आलाय कंपनीचा सर्व्हर? क्रॅक मारला होता, दुसरं काय. तुम्हाला पाहायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, तिरपी रेघ आणि एक्स-पी-आर टाइप करा. ‘पर्मनंटली’ आलं तर ठीक. तारीख आली तर लाइफटाइम विसरा.

खरी मेख पुढेच होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. माझा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीच. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवतानाच ही तपासणी काढून टाकता येते; दुकानदाराने तेच केलं आणि मला अवाक्षर सांगितलं नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जीएसटीचं लॉगिन आणि बँकेचे व्यवहार मी असल्या मशीनवर करत होतो.

मशीन विंडोज ११ च्या अटींत बसतं की नाही हे मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकटात सांगतं. बसत असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर ११ सुद्धा फुकटच मिळतं. म्हणजे अपग्रेडसाठी लायसन्सचे पैसे मागितले की तिथेच पाणी मुरतंय असं समजा. नसेल बसत, तर विंडोज १० वर नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. भाच्याने तेच केलं. विंडोज १० परत टाकलं तर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं, कारण माझं जुनं लायसन्स त्याच मदरबोर्डवर नोंदलेलं होतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. दुकानदाराचं उत्तर आलं, "बिलात लायसन्स कुठे लिहिलंय?" बिल काढून पाहिलं. खरंच, ‘सर्व्हिस चार्ज ३,५००’ एवढंच आहे.