टेफ्लॉन टेप की सुतळी-सफेदा?

म्हापशाच्या वहिनींच्या जुन्या घरात नळाचा सांधा झिरपतोय. प्लंबर म्हणतो सुतळी, म्हणजे आट्यांवर धागा गुंडाळून त्यावर सफेदा ही पांढरी चिकट पेस्ट; मुलगा म्हणतो टेप. मुळात निमुळते आटे कितीही आवळा, त्यांच्यात बारीक वळणदार फट उरतेच, बुजवायची ती. टेप स्वस्त, काम दोन मिनिटांचं. पण गुंडाळायची ती नळ घट्ट होतो त्याच दिशेने, नाहीतर आवळताना सुटून गोळा होते. शिवाय तोटी सरळ करायला जरा मागे फिरवली की गळती सुरू! सुतळीचं काम चिकट, वेळखाऊ. पण ती पाण्याने फुगते, थोडं मागे घेतलेलं खपवून घेते. प्लास्टिकच्या फिटिंगला मात्र जाड सुतळी नकोच, सॉकेट तडकतो. गंजून खडबडीत झालेल्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपला सुतळी-सफेदा, प्लास्टिक किंवा नव्या पितळी आट्यांना टेप.