नेकेड (पुढून उघड्या) गाडीला काच लावायची, डूम बसवायचा का आहे तशीच पळवायची?

आमच्या मावसभावाचा परवा फोन आला, दादा रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ला विंडशील्ड टाकू का सरळ पुढून डूम (हेडलाईटभोवतीचं कवच) करून घेऊ, दर पंधरा दिवसांनी पुणे-कोल्हापूर करतोय आणि घरी पोचल्यावर मान आणि खांदे नुसते भरून येतात. त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं तरी शेवटी तो म्हणाला की नक्की काय घेऊ ते सांग, म्हणून आता नीट लिहून काढतोय, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. काच लावली म्हणून वारा गायब होत नाही, तो फक्त सरकतो. छातीवरचा काढलात की तो कुठंतरी जाणारच, खांद्यावर जाईल नाहीतर हेल्मेटवर. आपल्याला तो कुठं चालेल एवढंच ठरवायचं असतं, आणि दुकानात काच बघताना हा विचार कुणीच करत नाही, सगळे गाडीवर कशी दिसते तेच बघतात (मी पण तेच केलं होतं).

दुसरं म्हणजे स्पीड. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे 80 वरून 100 ला गेलात तर वेग पावपट वाढला पण वारा दीडपटीपेक्षा जास्त झाला. याचाच उलटा अर्थ असा की 60-70 ला चालवणाऱ्याला काचेचा फरक फार कळतच नाही. आपल्याला टू व्हीलर घेऊन एक्सप्रेसवेला जाता येत नाही, समृद्धीला पण नाही, राहिला जुना हायवे, तिथं चौपदरीला मोटारसायकलची मर्यादा 80. त्यात क्लासिकचं इंजिन 349 सीसी आणि 20 बीएचपीच्या आसपास. म्हणजे आपला प्रश्न 80-90 च्या स्पीडला तीन-चार तास बसायचं हा आहे, रेस ट्रॅकचा नाही.

आता एकेक बघू. काहीच न लावणं हा पण पर्याय आहे बरं का, लोक विसरतात. उघड्या गाडीवर छातीवर वारा भरपूर येतो पण तो सरळ आणि एकसारखा येतो, हेल्मेट हलत नाही, उन्हाळ्यात एप्रिल-मे ला तर तोच वारा हवाहवासा वाटतो. फिट बसणारं जॅकेट घाला (फडफडणारं ढगळ जॅकेट निम्मा त्रास देतं), चांगलं फुलफेस हेल्मेट घ्या आणि कानात फोमचे इअरप्लग टाका, निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम इथंच संपतो आणि गाडीला एक भोकसुद्धा पाडावं लागत नाही.

मग येते ती छोटी काच, हेडलाईटच्या वर जेमतेम वीतभर. दिसायला मस्त, काम मीटरवरचा वारा आणि पोटाजवळचा थोडा वारा तोडण्याचं. हेल्मेटला तिचा त्रास नाही कारण वारा छातीच्या मध्यावर येऊन आदळतो. पण याने थकवा जाईल अशी आशा ठेवू नका.

मोठी टूरिंग काच, म्हणजे हँडलला क्लॅम्पने लागते ती, इथं खरी मजा आहे. मी स्वतः ही घेतली, साडेतीन हजार मोजले, पहिल्याच राईडला खंबाटकी ओलांडेपर्यंत खूश होतो, छातीवर काहीच नाही, जणू घरात बसलोय. पण डोक्यात ढोल! हेल्मेट असं थरथरत होतं की पुढच्या ट्रकच्या नंबर प्लेटवरचे आकडे दोन-दोन दिसायला लागले. शिरवळच्या जवळ रस्ता मोकळा बघून फूटरेस्टवर जरासा उभा राहिलो आणि एकदम शांत. म्हणजे काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा गुंतलेला वारा बरोबर माझ्या हेल्मेटवर येत होता, उभं राहिल्यावर डोकं त्याच्या वर गेलं आणि आवाज बंद. बसल्या जागी डोकं थोडं खाली घालून पण बघितलं, तिथंही शांत. अशा वेळी लोक अजून उंच काच घेतात, मी उलटं केलं, बोल्ट ढिले करून काच मागे झुकवली आणि दोन बोटं खाली घेतली, शिवाय हेडलाईट आणि काच यांच्यामध्ये थोडी फट सोडली. त्या फटीतून खालून वारा आत येतो आणि काचेमागची पोकळी भरतो, त्यामुळे कडेवरचा गोंधळ कमी होतो. खांद्यावर आता थोडा वारा लागतो पण ढोल गेला.

उंचीचा साधा नियम, काचेची वरची कड नाकाच्या रेषेत किंवा त्याच्या खाली पाहिजे, म्हणजे बघायचं काचेवरून, काचेतून नाही. पावसात ताम्हिणीत काचेतून बघत गाडी चालवायची वेळ आली की कळतं, वायपर नाहीये राव. रात्री समोरच्या गाडीच्या हायबीममध्ये काचेवरचे ओरखडे चमकतात ते वेगळंच.

हँडलला लावलेल्या काचेचा अजून एक भाग म्हणजे बाजूचा वारा. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत, तिथं मोठ्या काचेवर वारा बसला की तो सरळ हँडलला ढकलतो, ट्रकच्या शेजारून जाताना पण तसंच. काचेचा सगळा भार स्टिअरिंगवर असतो म्हणून हे होतं. डूम फ्रेमला धरलेला असेल तर तो हँडलबरोबर वळत नाही, वाऱ्याचा धक्का गाडीला बसतो, हँडलला नाही. बीएमडब्ल्यूची गोष्ट बघा ना, 1973 च्या आर 90 एसला छोटा डूम पुढच्या फोर्कवर, म्हणजे हँडलबरोबर वळणाऱ्या भागावर होता, तीनच वर्षांनी 1976 ला आर 100 आरएस आली ती पिनिनफरिना या इटालियन डिझाईन कंपनीच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या चाचणीच्या बोगद्यात) घासून काढलेला मोठा डूम घेऊन, आणि तो फ्रेमला धरलेला. आपल्याकडे पल्सर 220 एफ किंवा जुनी करिझ्मा, हँडल वळवलं तरी हेडलाईट समोरच बघतो, तोच प्रकार.

म्हणून फ्रेमला धरणारा अर्धा डूम कागदावर सगळ्यात भारी वाटतो. अडचण अशी की क्लासिकसारख्या गाडीला फ्रेमवर तसे पॉईंट दिलेलेच नाहीत, मग कुणीतरी गॅरेजवाला पट्टी वेल्ड करतो, फायबरचा डूम बसवतो, हँडल पूर्ण वळवलं की डूमला घासतं, आणि सहा महिन्यांत व्हायब्रेशनने फायबर चिरतं. एक ओळखीचा असं करून बसलाय, डूमपेक्षा जास्त पैसे त्याने पट्ट्यांवर घातले.

फुल फेअरिंग, म्हणजे इंजिनापर्यंत सगळी गाडी झाकणारे पॅनल, त्याबद्दल थोडक्यात सांगतो, करू नका. ज्या गाड्या तशा बनवल्या आहेत त्यांचं ठीक आहे, सुझुकीची जिक्सर 250 आणि एसएफ 250 एकच इंजिन, उघडी 156 किलो आणि फेअरिंगवाली 161, पण एसएफला खाली झुकणारं क्लिप-ऑन हँडल आहे, म्हणजे मुळातच बसणं वेगळं. क्लासिकचं इंजिन हवेवर थंड होतं, त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर हवा कुठून जाणार? शिवाय गाडी एकदा पडली की पॅनलचा खर्च, सर्व्हिसला प्रत्येक वेळी पॅनल काढा-घाला. आणि आरसीवरचा रंग बदलला किंवा गाडीचं रूपच बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतं, सुप्रीम कोर्टाने 2019 ला कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. काढता येणारी काच आणि कापून-वेल्ड करून केलेला बदल यात फरक आहे, तो पाळा.

घेताना पॉलिकार्बोनेट का ॲक्रिलिक ते विचारा. ॲक्रिलिक स्वच्छ दिसतं, ओरखडे कमी पडतात, पण दगड लागला तर तडकतं. पॉलिकार्बोनेट तुटत नाही पण ओरखडे पटकन पडतात, त्यावर चांगली कोटिंग आहे का बघा, आणि पेट्रोल किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड लावू नका, पांढरी पडते. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा मग पुसा, कोरडं घासलं की संपलं.

बसवल्यावर सेंटर स्टँडवर हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, क्लच-ॲक्सिलेटरची केबल ताणत नाही ना, ब्रेकचा पाईप दबत नाही ना, काच टाकीला लागत नाही ना. इंजिन चालू ठेवून वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल ओढली जातेय, तसं घेऊन रस्त्यावर जाऊ नका. माझा एक क्लॅम्प कराडच्या अलीकडे सैल होऊन काच हेडलाईटवर टेकली होती, तेव्हापासून क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ॲलन की फिरवतो.

मावसभावाला मी मधल्या उंचीची, पुढे-मागे झुकवता येणारी काच सांगितली, डूम नाही. आणि मायलेज वाढेल म्हणून घेणार असशील तर घेऊच नको म्हटलं, रुंद काच कधी कधी वारा अजून अडवते. जो महिन्यातून एकदा लोणावळ्याला जातो त्याने इअरप्लग घ्यावेत. आणि जो नवीनच गाडी घेतोय आणि त्याचं सगळं चालवणं हायवेलाच आहे, त्याने क्लासिक घेऊन काच शोधण्यापेक्षा रॉयल एनफिल्डच्याच मीटिओर 350 चं सुपरनोव्हा मॉडेल बघावं, इंजिन तेच आणि काच कंपनीतूनच, नाहीतर बजाजची डॉमिनार 400, तिला 2021 पासून कंपनीतूनच उंच काच येते. भाऊ म्हणाला पण मला क्लासिकच आवडते. मग रविवारी माझी गाडी घेऊन शिरवळपर्यंत जा म्हटलं, तुझी उंची माझ्यापेक्षा चार इंच कमी आहे, तुला ढोल वाजतो का बघ, मग पैसे घाल.