घरपोच भाडेकरार सेवा: नोंदणी चोख, मसुदा कच्चा

लिव्ह अँड लायसन्सचा करार घरी येऊन नोंदवून देणारे एजंट आता दहिसरपासून मुलुंडपर्यंत कुठेही मिळतात. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतात, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे फोटो-ठसे घेतात आणि निघतात. दुय्यम निबंधक कार्यालयाची फेरी वाचते. वयस्कर मालकांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, तिथे ठसा आधारशी जुळेपर्यंत वेळ जातो. एरवी सेवेच्या या नोंदणीच्या भागाला 5 पैकी 5.

बिल मात्र तपासून घ्या. 40,000 भाडं, 2 लाख डिपॉझिट, मुदत 24 महिने असं धरू. एकूण भाडं 9,60,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज 40,000. बेरीज 10 लाख, त्यावर 0.25 टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क 2,500. मुंबईत नोंदणी फी 1,000. यापुढचं बहुतेक एजंटचं. नोंदणीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाची आहे; खर्च निम्मा-निम्मा हा नुसता रिवाज.

मसुद्याला 5 पैकी 2, कारण लॉक-इनचा, म्हणजे घर सोडता येत नाही त्या सुरुवातीच्या मुदतीचा रकाना. एजंट सहसा जुनाच मसुदा उघडतो आणि नावं बदलतो. त्यात बहुतेकदा असं असतं: लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. वरच्या उदाहरणात लॉक-इन 12 महिन्यांचं असेल आणि आठव्या महिन्याअखेर बदली झाली, तर मालक 4 महिन्यांचे 1,60,000 डिपॉझिटमधून मागणार. मागू शकतो, पण तेवढे मिळतीलच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा. भरपाई वाजवी तेवढीच. महिन्याभरात नवा भाडेकरू आला तर चार महिन्यांचं नुकसान दाखवणं मालकाला जड जातं. म्हणून सोडायचं ठरताच घर दाखवायला परवानगी द्या, आलेल्या लोकांची तारीखवार नोंद ठेवा. मेमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, घर पटकन जातं. पितृपक्षात चावी सोपवली तर मालकाचं ‘गिऱ्हाईकच नाही’ हे म्हणणं खरंही असू शकतं.

दुसरी मेख नोटिशीत. लॉक-इन 6 महिने, नोटीस 1 महिना, एवढंच लिहिलेलं असतं. मग सहाव्या महिन्यात नोटीस देऊन त्याच महिनाअखेर निघता येतं, की नोटीस सातव्या महिन्यातच द्यायची? भांडण इथेच पेटतं. ‘लॉक-इनच्या शेवटच्या महिन्यात दिलेली नोटीस ग्राह्य’ एवढी एक ओळ अंगठा लावण्याआधी टाकून घ्या. बदली आणि नोकरी जाणं हे अपवादही तिथेच. बहुतेक एजंट टाइप करून देतात, फक्त सांगावं लागतं. करारात ‘लेखी नोटीस’ असेल तर व्हॉट्सॲपवर विसंबू नका. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा. ‘शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ हे तर परस्पर करूच नका. करारात तशी मुभा नसेल तर ती थकबाकी ठरते आणि नोटीस नीट दिलेली असूनही तुमची बाजू कमकुवत होते.

या सेवेत मुळातच नसलेली गोष्ट म्हणजे करार संपवण्याचा कागद. घर सोडलं तरी नोंदणीत करार मुदत संपेपर्यंत चालूच दिसतो. फी ठरवतानाच ताबा परत दिल्याच्या पावतीचा मसुदा मागा: चावी दिल्याची तारीख, वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग, कापलेली रक्कम कारणासह, उरलेलं डिपॉझिट कसं नि कधी दिलं, ‘उभय पक्षांचं देणं-घेणं बाकी नाही’ आणि दोघांच्या सह्या. रीडिंगचा फोटो चावी देण्याआधी काढा, नंतर मीटर रूमचं कुलूप उघडायलाही सोसायटी विचारते, ‘तुम्ही कोण?’