आर्ट थेरपी: आधी सर्टिफिकेट की थेट एम.ए.?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून आर्ट थेरपीत, म्हणजे चित्रकलेच्या मदतीने मनोपचार करण्याच्या क्षेत्रात येणाऱ्याला काही महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स सोयीचा वाटतो. त्यात साहित्य हाताळणं शिकता येतं: घाबरलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत ओले जलरंग देऊ नयेत. रंग पसरतो, ताबा सुटल्यासारखं वाटतं, भीती वाढते. ए-४ कागद आणि तेलकट खडू बरे. पण समोरचा आत्महत्येबद्दल बोलला तर काय करायचं, हे तिथे जेमतेमच येतं.

दुसरा रस्ता मानसशास्त्रातल्या एम.ए.चा (इग्नू या मुक्त विद्यापीठात २०२५ पर्यंत कुठल्याही पदवीधराला त्याला प्रवेश घेता येत होता). किमान २ वर्षं. चित्रकला शून्य, तरी पाया हाच. मात्र यातून आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी मिळत नाही, तेव्हा पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू नका. आणि चित्रकला शिक्षक असाल, तर समोरच्याचं चित्र सुधारायचा मोह आवरा.