विग घ्यावा की सुती स्कार्फ?

खानापूरच्या आमच्या वहिनींची केमो सुरू होतेय. केस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गळतात, म्हणून त्यांनी आत्ताच विचारलं.

खर्चात तुलनाच नाही. चांगल्या विगच्या पैशात बेळगावच्या खडेबाजारातून ढीगभर मऊ सुती स्कार्फ येतील. खऱ्या केसांचा विग महाग पण टिकाऊ. सिंथेटिक स्वस्त, मात्र रोज वापरला की काही महिन्यांत गुंततो. शिवाय उष्णतेनं तो आखडतो. भाकरी भाजायला तव्यावर वाकलं की पुढच्या बटा कुरकुरीत होऊन वळतात. चुलीजवळ तो नकोच.

खानापूरच्या पावसात धुतलेला विग लवकर वाळत नाही, स्कार्फ पंख्याखाली रात्रीत वाळतो. नायलॉनचा घेऊ नका, टाळूवरून घसरतो.

हळदीकुंकवाला "काय झालं गं?" ऐकायचं नसेल तर मात्र विगच. तो डोक्यावर केस असतानाच घ्या, म्हणजे रंग नीट जुळतो.

ल्युपसमुळे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, तो आजार) केस गेलेल्यांना ऊन बाधतं. त्यांनी बाहेर पडताना दाट विणीचा स्कार्फ बांधावाच.

रोज नोकरीवर, चारचौघांत वावरणाऱ्यांनी विग घ्यावा. घर आणि शेत सांभाळणाऱ्यांना स्कार्फ पुरतो. वहिनींना मी स्कार्फच सुचवलाय. केमोनंतर बहुतेकांचे केस परत येतात, तेवढ्यासाठी कर्ज कशाला?